एक अक्षर आणि एक टिंब

३ जानेवारी
आलो बाई एकदाच्या! बावीस वर्षं पाणीपट्टीच्या नोटिसा लिहिल्या. त्याही भयकथाच, फक्त वाचक जास्त. आजपासून मी पूर्ण वेळ लेखिका. दोन खोल्या, पुढे गॅलरी, खाली छापखाना. पुढचं पुस्तक स्वतःच काढायचं, तर यंत्राच्या डोक्यावरच बसावं असं मी म्हटलं. ताईनं विचारलं, यंत्राच्या, का माझ्या? ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. निवृत्त मास्तरीण. माझी एकही कथा तिनं शेवटापर्यंत वाचलेली नाही. म्हणते, तुझ्या भुतांपेक्षा आमचे हेडमास्तर भयंकर होते. संध्याकाळपर्यंत पुस्तकं फळीवर लागली आणि ताईनं घरमालकाच्या पाटीवरच्या दोन वेलांट्या सुधारल्या.

१९ फेब्रुवारी
जुन्या प्रकाशकानं कादंबरी परत पाठवली. कळवतो, तुमच्या कथांत कुणी मनापासून मरत नाही. बरं झालं, उरलीसुरली शंका फिटली. खाली जाऊन जुळाऱ्याशी बोलून आले. हा गृहस्थ पूर्वी शिशाचे खिळे हातानं जुळवायचा. आता कॉम्प्युटरवर बसतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं. बोलतो कमी, चष्मा पुसतो जास्त. मुखपृष्ठावरची माझी काळी विहीर पाहून ताईनं विचारलं की हा टायर कुणाचा.

११ एप्रिल
पहिली प्रुफं आली. अर्पणपत्रिकेत मी लिहिलं होतं, ‘ताईस, तिला न विचारता’. छापून आलं, ‘कै. ताईस’. जित्याजागत्या बाईला एका अक्षरात आणि एका टिंबात निकालात काढलं! ताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग तिनंच ते खोडलं आणि समासात लिहिलं, ‘घाई नको’. मी प्रुफं खाली नेऊन दिली. जुळाऱ्यानं समास वाचला, पण तो हसला नाही.

२ मे
दुसरी प्रुफं. ‘कै.’ जागच्या जागी. मी तावातावानं खाली उतरले. त्यानं पडदा दाखवला. पडद्यावर नाही, कागदावर आहे. म्हणाला, चाळीस वर्षं ह्या यंत्रावर फक्त निधनाची कार्डं निघाली, त्याचा हात बसलाय. मी म्हटलं, यंत्राला हात नसतो. तो म्हणाला, तेच तर.
वर आले तर शेजारीण दारात. इतक्या मोठ्या जागेत एकट्या कंटाळत नाही का, असं मला विचारत होती. ताई तिच्यापासून हातभर अंतरावर भाजी निवडत बसली होती.

२० जून
ताईला थकवा आहे. औषधाच्या दुकानातल्या वजनकाट्यावर तिला उभं केलं. काटा हलला नाही. दुकानदार म्हणाला, बिघडलाय. मग मी उभी राहिले. बासष्ट किलो.
परतताना ताई म्हणाली, चला, एवढी वर्षं बारीक व्हायचं म्हणत होते. मला हसू आलं नाही. तिलाही.

८ जुलै
अर्पणपत्रिकेचं पानच काढून टाकायला सांगितलं. आज ते पान कोरं आलं. मधोमध फक्त ‘कै. ताईस’.
ताई आता बोलत नाही फारशी. मी मुद्दाम म्हटलं, दूध उतू गेली. पुन्हा म्हटलं. तिनं दुरुस्त केलं नाही.

१ ऑगस्ट
जुळाऱ्याला म्हटलं, पुस्तकच नको. थांबवा. तो म्हणाला, अक्षर एकदा बाहेर पडलं की परत जात नाही. खोडता येत नाही, सरकवता येतं. पुस्तकातल्याच दुसऱ्या नावाआधी. त्याच्या बायकोचं नाव एकदा असंच आलं होतं. त्यानं सरकवलं. कुणाच्या नावावर, ते मी विचारलं नाही. बायको आता ठणठणीत आहे म्हणाला, आणि रडायला लागला.

१४ ऑगस्ट
ऋणनिर्देशात अकरा नावं आहेत. सकाळपासून तेच पान समोर घेऊन बसले आहे. अकराव्या ठिकाणी जुना प्रकाशक. उपकार म्हणून नव्हे, टोमणा म्हणून घातला होता. त्याच्या नावाभोवती पेन्सिलीनं गोल केला. गोल सुरेख आला, हातही कापला नाही. तेव्हा घाबरले. एवढी कधीच घाबरले नव्हते. गोल खोडला.

२९ सप्टेंबर
ताई खुर्चीत आहे. उशी दबत नाही.
आज लिहिताना हातून गेलं, ‘ताई म्हणायची’. खोडलं. म्हणते. ताई म्हणते. म्हणते —

३ ऑक्टोबर
हाक मारली की ओ येते. पण पलीकडच्या खोलीतून आल्यासारखी, आणि ती माझ्या शेजारी —
पुस्तकात अजून एक नाव आहे. मुखपृष्ठावर. कसं सुचलं नाही इतके दिवस? सुचलं होतं.

५ ऑक्टोबर
खूण केली. तिच्या आधीचं काढून माझ्या नावाआधी. जुळाऱ्यानं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी ओरडले.

९ ऑक्टोबर
ताई जेवली! पुन्हा मागून घेतलं. भात मऊ झाला म्हणून मला बोलली, चांगली दहा मिनिटं. देवा, किती बोलली! कान तृप्त —
मला भूक नाही.

१६ ऑक्टोबर
प्रती आल्या. देखण्या. ताईनं एक उचलली, मुखपृष्ठ पाहिलं, आणि माझ्या नावाआधीचं ‘कै.’ नखानं खरवडायला लागली. मला वाटलं होतं तिला सांगेन, यंत्राची चूक. सांगितलं. तिनं वर पाहिलं नाही.

१७ ऑक्टोबर
पेन जड. बोटांत राहत नाही —
ताई माझे कपडे घडी करून ठेवते आहे. सगळे. कशाला? मी आहे की —

१८
ती हाका मारते आहे. ह्या खोलीत, त्या खोलीत, गॅलरीत. मी ओ दिली. पुन्हा दिली. आता वळली, इकडे — बघते आहे, इकडेच बघते — ऐकू गेलं तिला! ताई — नाही, माझ्यामागची भिंत —
ताई, अगं, मी इथंच हो