तोंड दिसंल एवढं खाली

कसबा बावडा,
ता. ९ फेब्रुवारी

चि. ऋतुराजला आज्जीचा गालावरनं हात फिरवून आशीर्वाद.

तू काठी न घेता चाललास, असं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं, आन् मी एकटीच हसत बसले. घरात सांगायला कोण न्हाय, म्हणून म्हशीला सांगितलं. ती चारा खायची थांबली न्हाय. मग शेजारच्या धोंडुबाईकडं गेले, तर दाराला कुलूप.

तुझं हेलिकॉप्टर आपल्या उसात पडलं तवा शे-दीडशे माणूस आलतं. "म्हातारे, नातू वाचला, पेढं वाट," म्हणत होतं. तुकडं उचलून नेलं, तसं कोण फिरकत न्हाय. तूबी फोन उचलत न्हाईस, म्हणून लिहितीया. चौथी शिकलेली हाय, अक्षराला हसू नको.

परवा चौकशीचं साहेब आलतं. पावणं बरं होतं, दोन भाकऱ्या खाल्ल्या. म्हणालं, "आज्जी, तो एवढा खाली का आला?"

मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं? वांगं वाढू का?"

मग त्यांनीच सांगितलं, तू लिहून दिलंयस की माझीच मस्ती, मीच खाली आलो. लायसन जाणार म्हणं. वांगं हातातच राहिलं बघ.

गारगोटीच्या लग्नात वरनं फुलं टाकून झाली की घरावरनं जा, असं सकाळी मीच म्हटलतं. गावभर तुझं फोटो फिरायलेलं, दृष्ट काढायची होती. तोंड बघितल्याबिगर उतरत न्हाय ती. मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन बांधावर उभी ऱ्हायले. तू उंचावरनं एक फेरी मारून निघालतास. मीच पदर हलवून खाली ये, खाली ये केलं. दुसऱ्या फेरीला तोंड दिसलं. हसत होतास. विजेची तार मला रोज दिसती, त्या दिवशी दिसली न्हाय.

तुझा बाप तुला मस्तीखोर म्हणतोय, आन् मी त्याची आई असून त्याच्यापुढं गप बसतीया. आज त्याला फोन करून सांगणार. यायचा बंद झाला तर होऊ दे. उद्या बाळासोच्या रिक्षातनं साहेबांकडं जातीया. लिहून घ्या म्हणणार, खाली सही करणार. लायसन मिळंल का न्हाय, देवाला ठाऊक. पण माझ्यापायी खोटं लिहू नको.

रोज थोडं थोडं चाल.

गुन्हेगार, तरीबी तुझीच,
आज्जी