कांबळ्याखालचे कागद

आई, परवा दुपारी पलीकडच्या घरच्या मास्तरीणबाईंचा भाचा आला होता. बाई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आता त्यांचं घर विकलं, माळा रिकामा करताना एक पत्र्याचा डबा निघाला आणि त्यावर माझं माहेरचं नाव होतं, म्हणून तो बिचारा शोधत शोधत माझ्यापर्यंत पोचला. डब्यात काकांच्या कचेरीतल्या रद्दी कागदांची चळत होती, आणि प्रत्येक कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीचं बारीक अक्षर. ते अक्षर मी लोणच्याच्या बरण्यांवर रोज पाहिलेलं आहे. ‘कैरी, जुने.’ ‘लिंबू, उपासाचे.’ यापलीकडे तू काही लिहितेस हे मला ठाऊकच नव्हतं. आणि पहिल्याच ओळीत ती दोघं होती, माझ्या लहानपणच्या पुस्तकांतली. आई, ती पुस्तकं तुझी होती. पाचवं पुस्तक कधी आलंच नाही ते कोणामुळे, हेही मला त्याच क्षणी कळलं.

सन तीस-बत्तीसच्या सुमाराला मुंबईहून आगबोटीनं रत्नागिरीच्या बंदरात जे काही उतरत असेल, त्यात माझ्या लेखी सगळ्यात मोलाची ती चार पातळ पुस्तकं. त्यांत नऊ वर्षांची एक मुलगी, जिला घरात कोणी खिजगणतीत धरत नसे म्हणून जिच्यादेखत सगळे सगळं बोलत. आणि तिचा गुबगुबीत मामेभाऊ, ज्याला पुरावा सापडला की तो आधी खाऊन टाकी. दोघांनी मिळून गावातल्या चोऱ्या शोधायच्या. मुन्सफांची पगडी पळवली तिथं सांडलेले दडपे पोहे त्या पोरानं ‘ताब्यात घेतले’ आणि फौजदार येईपर्यंत फस्त केले, तेव्हा ओटीवर बसून वाचणाऱ्या काकांना हसता हसता ठसका लागला होता. लेखकाचं नाव कोणा पुरुषाचं होतं. “मनुष्य मोठा मिश्कील हो,” काका म्हणाले, “आपल्याकडचाच असणार. घाटावरच्यांस हे जमायचं नाही.” काकांचं सोवळं इतकं कडक की टपालानं आलेल्या कागदावरही ते पाणी शिंपडून घेत. तेच पुस्तक कुठं बसून लिहिलेलं आहे हे त्यांना कळतं तर! मला हसू येतं, आणि मग येत नाही.

मी तुला ती पुस्तकं वाचून दाखवायची, आठवतं? तू विळीवर खोबरं खवत असायचीस, मी उंबऱ्यावर. विनोद यायच्या आधीच तू हसायचीस. “अजून यायचंय गो आई, थांब की!” मी वैतागायची. “बरं हो बाये, थांबत्ये,” असं म्हणून तू पदरानं तोंड पुसायचीस. मला वाटायचं, आईला कळत नाही, कुठंही हसते. स्वतःला गुप्त पोलीस समजणाऱ्या पोरीच्या नाकासमोर रोज एवढा मोठा पुरावा खवला जात होता आणि ती आपली पान उलटत होती.

कारण माझ्या हातात तेव्हा दुसराच तपास होता. घरात म्हणत, आईला कावळा शिवला. मग तू पडवीच्या टोकाच्या खोलीत तीन दिवस बाजूला बसायचीस. वेगळं ताट, वेगळा तांब्या, खाली एक काळं कांबळं. त्या खोलीत कोणी जायचं नाही, तुला शिवायचं नाही आणि त्या कांबळ्याला तर मुळीच नाही. चुकून पाय लागला तर डोक्यावरून अंघोळ. मला तो कावळा पकडायचा होता. मी मागच्या गडग्यावर, त्या जांभ्याच्या बसक्या भिंतीवर, आंब्याच्या सावलीत बसून राही. तू ज्या दिवशी बाजूला बसशील त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात कोळशानं फुली मारी. काकूसाठी गोल. दोन महिने मी हे इमानानं केलं. काकूचे गोल दोनदाच आले. तुझ्या फुल्या चारदा. माणसांनी भरलेलं खटल्याचं घर, कोण कोणाचे दिवस मोजत बसणार? काकूला आपलं वाटे, धाकटी जाऊ नाजूक आहे. ती तर तुला काढाही करून द्यायची. आणि त्या चारही वेळा एकही कावळा तुझ्या अंगाजवळ फिरकला नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

पुस्तकातल्या आपल्या त्या मुलीची पद्धत तुला मी काय सांगू? शेवटच्या प्रकरणात ती सगळ्यांना ओटीवर जमवते आणि म्हणते, “गुन्हेगार याच ओटीवर आहे!” मीही जमवलं. जेवणं झालेली आहेत. काका सुपारी कातरताहेत, काकू पान लावते आहे, तू दाराआड उभी आहेस. मी कॅलेंडर भिंतीवरून काढून आणलंय. “आईला कावळा शिवलाच नव्हता. ती खोटं बोलते. या फुल्या बघा.” विषय काय आहे हे ध्यानात येताच काका अडकित्ता खाली टाकून चप्पल न घालता तरातरा आगरात, माडांमध्ये, निघून गेले. काकू मात्र कॅलेंडरावर वाकली. एकेका फुलीवर तिनं बोट ठेवलं. “महिन्यातून दोनदा? तुला कावळा शिवतो, की तूच जाऊन कावळ्यास शिवत्येस? आम्ही चुलीपुढं होरपळायचं, काढे उकळायचे, नि ही बसणार पाय पसरून!” तू काहीही सांगू शकली असतीस. तू एवढंच म्हणालीस, “चुकलं माझं, वहिनी.” आणि माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, रागावलीस. मी ताठ उभी होते. माझा पहिला गुन्हेगार मी पकडला होता.

संध्याकाळच्या आत ती खोली नारळाच्या सोडणांनी, सुक्या सालींनी भरली. यापुढं बाजूला बसायचं ते मागील दारी, काकूच्या नजरेसमोर, आणि फुल्या काकू मारणार. खोलीतलं कांबळं तू स्वतः उचललंस, घडी अजिबात न मोडता, पोटाशी धरून. तू ते गडग्यापाशी झटकायला नेलंस आणि पलीकडे मास्तरीणबाई उभ्या होत्या, हेही मी पाहिलं. सगळं पाहिलं मी! घरातली फडताळं, पेट्या, तांदळाची कणगी, सगळं मी कधी ना कधी तपासलेलं होतं. अंघोळीच्या भीतीनं तेवढं एक कांबळं सोडलं होतं.

चौथं पुस्तक अर्ध्यावर संपतं. पालखीचा चांदीचा गोंडा चोरीला गेलेला, मामेभाऊ कणगीत पडून अडकलेला, पुढचं पुढच्या पुस्तकात. मी वर्षभर वाट पाहिली. शेवटी प्रकाशकाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलं, तुला न विचारता, मोठ्या तोऱ्यात. मग मी तेरा वर्षांची झाले, स्वतः मागील दारी बसू लागले, आणि त्या दुपारी मी चारचौघांत काय बोलले होते ते कळून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ठरवलं, आईला बिचारीला विश्रांती हवी असेल, म्हणून खोटं बोलली असेल. मनातल्या मनात मी तुला क्षमाही करून टाकली. क्षमा! मी, तुला! सहा वर्षांनी तू गेलीस, आणि तुझ्या दिवसांना मी हीच गोष्ट हसत हसत सांगितली. सगळे हसले. मास्तरीणबाई तेवढ्या उठून गेल्या.

डब्याच्या तळाशी माझं पोस्टकार्ड होतं. ‘लेखक महाशय, आपण आळशी आहात. तो मुलगा कणगीत किती दिवस राहणार?’ प्रकाशकानं ते मास्तरीणबाईंकडे धाडलं असणार आणि त्यांनी गडग्यावरून तुझ्याकडे. त्याला टाचलेलं एक चिठोरं होतं, तुझ्या पेन्सिलीचं. ‘चि. बालवाचक हिस अनेक आशीर्वाद. लेखक आळशी नाही. हल्ली त्यास बसावयास जागा नाही. मुलगा सुखरूप आहे, कणगीत बसून तांदूळ खात आहे. तुझे अक्षर पूर्वीपेक्षा सुधारले आहे.’ ते तू टपालात टाकलं नाहीस. कसं टाकणार होतीस? बरण्यांवरचं अक्षर मी ओळखलं असतं.

तू गेलीस त्या वयाहून मी आता तीस वर्षांनी मोठी आहे आणि मला अजून माहीत नाही गोंडा कोणी चोरला. डब्यातले कागद त्याच्या आधीच संपतात. हे पत्रही मी त्याच डब्यात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठं ठेवू? एक मात्र तुला कधीच सांगितलं नाही, ते सांगते. त्या दुपारी काकूनं शाबासकी म्हणून मला आंब्याच्या साठाचा, आंबापोळीचा, मोठा तुकडा दिला होता. तू उष्टी काढत होतीस, आणि मी तुझ्यासमोर उंबऱ्यावर बसून तो सगळा खाल्ला. फार गोड लागला होता गो, आई.