रविवारी खिडकीवरून माघारी फिरल्याबाबतचा खुलासा

प्रति,
मा. अध्यक्ष,
विधी सल्लागार निवड समिती,
शेतमाल निर्यात व खरेदी महामंडळ,
विभागीय कार्यालय, अहिल्यानगर.

अर्जदार : ॲड. गोरक्षनाथ कोंडीराम पालवे, वय ५८, मूळ रा. पाथर्डी, हल्ली अहिल्यानगर.

विषय : दुसऱ्या विधी सल्लागाराच्या जागेसाठीचा अर्ज एक दिवस उशिरा दाखल झाल्याबाबत.

संदर्भ : आपले दि. १ डिसेंबर २०२५ चे पत्र व त्यासोबतचा ॲड. अर्शी फैयाज शेख यांचा अभिप्राय.

महोदय,

१. अर्जदार एकतीस वर्षांपासून सरकारी ठेके व निविदा यांची आणि अलीकडे शेतमाल निर्यातीच्या नियमांची वकिली करतो. आपण काढलेल्या जागेची मुदत रविवार दि. १६ नोव्हेंबरपर्यंत होती व त्यासाठी आवक खिडकी सुट्टी असूनही उघडी ठेवली होती. अर्जदाराचा अर्ज सोमवारी आला. इथवर वाद नाही.

२. आपल्या सध्याच्या विधी सल्लागार ॲड. शेख यांनी अभिप्राय दिला की, "पालवे सर रविवारी फाईल घेऊन रांगेत उभे होते, हे मी स्वतः पाहिले आहे. ते का परतले हे विचारावे व कारण सबळ असल्यास उशीर माफ करावा." त्यावरून आपण कारण विचारले आहे. कोणी अर्जदाराच्या बाजूने लिहावे आणि ते वाचून अर्जदाराच्या तळपायाची आग मस्तकात जावी, असे आजवर घडले नव्हते.

३. सदर ॲड. शेख या सोनईच्या. चार वर्षे अर्जदाराच्या हाताखाली होत्या. निविदेच्या कागदांना पानोपान क्रमांक घालावेत, बयाण्याची पावती शेवटच्या दिवसावर ठेवू नये, हे त्यांना अर्जदारानेच शिकवले. पुढे त्या पुण्याला जाऊन परदेशी व्यापाराचे कायदे शिकून आल्या. आता ज्याचा म्हणून कंटेनर बंदरावर अडतो तो "मॅडमला इचारा" म्हणतो. अर्जदारास कोणी काही इचारीत नाही. त्यांच्या कार्यालयात एसी आहे. अर्जदाराकडे पंखा आहे व तो फिरतो. त्यांच्या अभिप्रायात एखादी चूक सापडावी म्हणून अर्जदाराने तो तीनदा वाचला. सापडली नाही.

४. आता कारण. अर्जदाराने प्रथम रक्तदाबाचा दाखला मिळवला व या अर्जास जोडला. दाखल्यातले आकडे खरे आहेत, पण ते आपले पत्र आल्यानंतरचे आहेत. म्हणून तो विचारात घेऊ नये. मग खिडकीवर गर्दी होती असे लिहिले. गर्दी म्हणजे अर्जदारापुढे एक अशील व त्याची वकील, एवढीच होती. ते वाक्य खोडले. अशिलांसाठी उशिराची कारणे लिहिण्यात अर्जदाराची हयात गेली, एकही फेटाळले गेले नाही. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र हात चालेना.

५. घडले ते असे. अर्जदारापुढे उभे होते ते, खिडकी उघडी आहे म्हणून आपले निर्यातीचे कागद मागे घ्यायला आलेले, काष्टीचे द्राक्ष बागायतदार आप्पासाहेब. वीस वर्षे अर्जदाराचेच अशील. त्यांच्या शेजारी ॲड. शेख. आतल्या लिपिकाने खुर्ची आणली, फडक्याने पुसली आणि "बसा मॅडम" म्हणाला. अर्जदार त्या खिडकीवर एकतीस वर्षे उभा राहत आला आहे. तिथे खुर्ची मिळते, हे अर्जदारास त्या दिवशी कळले.

६. आप्पासाहेब वळून म्हणाले, "वकीलसाहेब, तुमी व्हय? मॅडमनी वाचवलं बघा आमाला. त्यो द्राक्षं घेनारा परदेशातला गडी बंदीच्या यादीत निघाला. कंटेनर गेला असता तर आमचंच नाव काळ्या यादीत आलं हुतं. तुमी करार वाचला तवा त्याचं नाव यादीत नव्हतं म्हनं, मॅडम म्हनल्या. तुमचा काय दोष न्हाई." तो करार अर्जदाराने दोनच महिन्यांपूर्वी वाचला होता. "हरकत नाही" असा शेरा मारून सहीही केली होती. यादी उघडलीच नव्हती. घरी येऊन पाहिले, तर ते नाव आठ महिन्यांपासून यादीत होते. ॲड. शेख यांना हे ठाऊक नसणे शक्य नाही. त्यांनी अर्जदाराची चूक पदराखाली घेतली.

७. एवढ्यावर भागले असते तर अर्जदार उभा राहिला असता. पण ॲड. शेख खुर्चीवरून उठल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही बसा ना." टोमणा असता तर अर्जदाराने परतवला असता, ती कला त्याच्याजवळ आहे. टोमणा नव्हता. म्हणून अर्जदार फाईल काखेत मारून जिना उतरला. उशिराचे कारण हेच. दुसरे नाही.

८. उशीर माफ करण्याची प्रथा आजारपण, मयत, पूर अशा कारणांसाठी आहे. जळफळाटासाठी आहे किंवा कसे, याचा दाखला अर्जदारास सापडला नाही. अर्जदारास ही जागा हवी आहे. ॲड. शेख यांच्या बरोबरीने बसावे लागेल हे माहीत असूनही हवी आहे. वर लिहिलेले सबळ कारण ठरते काय, यावर कायदेशीर अभिप्राय घ्यावा आणि तो ॲड. शेख यांच्याकडूनच घ्यावा. या जिल्ह्यात हे काम त्यांच्याइतके चांगले दुसऱ्या कोणास येत नाही. हे वाक्य लिहायला अर्जदारास चार दिवस लागले. त्यांनी नाही म्हटल्यास अर्जदाराची तक्रार राहणार नाही.

आपला, जमेल तितका नम्र,
(सही)
ॲड. गो. कों. पालवे
अहिल्यानगर, दि. ५ डिसेंबर २०२५

सोबत :
१) रक्तदाबाचा दाखला (विचारात घेऊ नये).
२) करारावरील "हरकत नाही" या शेऱ्याची प्रत. (आप्पासाहेबांच्या संमतीने. अर्जदार काल काष्टीस जाऊन त्यांना सर्व सांगून आला.)