व्हिपर-स्निपरच्या नळ्या आणि नोएलीनचे गुलाब

२ नोव्हेंबर, रविवार
लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी. ही वही नोएलीनने गेल्या नाताळात दिली होती. जिवाला घोर लागला की लिहीत जा, लेस, म्हणाली होती. घोर रोजच होता, पेन सापडत नव्हतं.
काल नोएलीन बेंडिगोला बहिणीकडे, ग्वेनकडे गेली. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, वाढलेल्या गवतात तिला तपकिरी साप दिसला. म्हणाली, या घरात एक तर गवत राहील नाही तर मी. गवत कापलंस की फोन कर.
कापणारच होतो. गवत कापायच्या मशीनमधून, व्हिपर-स्निपरमधून, पेट्रोल बुटावर गळतं, एवढंच. टाकीतल्या दोन नळ्या चिरल्यात. तासाभराचं काम. मंगळवारी नोएलीन घरी.
शेजारचा क्लेम कुंपणावरून म्हणाला, माझ्या चार मेंढ्या सोडू का? नको म्हटलं. घरात मशीन असलेला माणूस मेंढ्यांपुढे हात पसरत नाही.

३ नोव्हेंबर
जुन्या नळ्या ओढल्या. बिस्किटासारख्या मोडल्या. एक पेट्रोल वर नेते, दुसरी परत टाकीत आणते. कुठली कुठे होती ते कागदावर काढून ठेवणार होतो, पण लक्षात राहील.
छातीत धडधड. पेट्रोलच्या वासाने असेल.

४ नोव्हेंबर, मंगळवार
नळ्या आणायला गेलो तर दुकान बंद. आज घोड्यांच्या शर्यतीची, कपची सुट्टी हे विसरलो. सगळा गाव टीव्हीवरच्या घोड्यांपुढे बसलेला. मी पैसे लावलेला घोडा अजून धावत असेल.
पण डोकं चाललं. घरी बिअर करायच्या बादलीची नळी आहे. नळी ती नळी. तिला काय कळतंय आतून बिअर जाते की पेट्रोल.

६ नोव्हेंबर
नळी टाकीच्या भोकातून जाईना. क्लेम म्हणाला, टोक तिरकं काप रे, मग सरकेल. मला ते सुचलंच होतं. तिरकं कापलं, साबण लावला. सरकली. अख्खी टाकीत पडली.
जेवलो नाही. टोस्ट खाल्ला.

९ नोव्हेंबर, रविवार
दोन्ही नळ्या बसल्या. पेट्रोल चढवायचा रबरी फुगा दाबदाब दाबला. नुसते बुडबुडे. अंगठा सुजला.
नोएलीनचा फोन. झालं का? म्हटलं, झाल्यातच जमा आहे. ती म्हणाली, ग्वेन म्हणतेय नाताळपर्यंत इथेच राहा. मागे ग्वेनचं हसणं ऐकू आलं. या बाईला मी कधीच आवडलो नाही.
फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं.

१० नोव्हेंबर
क्लेम मशीन बघून म्हणाला, म्हाताऱ्या, नळ्या उलट्या लावल्यास. म्हटलं, मुद्दाम लावल्यात, तपासत होतो. तो म्हणाला, मेंढ्या अजून उपाशी आहेत बरं का.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
नळ्यांची अदलाबदल केली. सुरू झालं. डोळ्यांत पाणी आलं, धुराने.
तेवढ्यात क्लेम धावत आला. बंद कर, बंद कर, आज आगबंदी आहे, रेडिओ ऐकत नाहीस का? एक ठिणगी उडाली तर सगळा रस्ता पेटवशील. बंद केलं. वाळवंटाकडून येणारा उत्तरेचा वारा भट्टीसारखा.
तरी नोएलीनला फोन करून सांगितलं, झालं. म्हणजे मशीन झालं. ती म्हणाली, लेस, खरंच? मग सोमवारच्या बसने येते. आवाज इतका गोड होता की पुढचं सांगायचं राहून गेलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
गार वारा. बंदी उठली. मशीन सुरू होईना. बिअरची नळी पेट्रोल पिऊन उकडलेल्या मॅकरोनीसारखी फुगलीय. दुकान दुपारी बंद होतं म्हणून तसाच गाडी काढून पळालो. पेट्रोलची खरी नळी आणली. दुकानदार म्हणाला, ठेवून जा, मी बसवतो. नको म्हटलं. आता मला सवय झालीय.
परत आलो तर क्लेमच्या बाजूचं फाटक उघडं. घाईत मीच उघडं टाकलं असणार. चारही मेंढ्या आमच्या अंगणात. गवत साफ. साप तर सोडाच, गोगलगाय लपायला जागा नाही.
गुलाबही साफ. नोएलीनच्या आईने लावलेले. नुसते काटेरी दांडे उरलेत.
क्लेम म्हणाला, मजुरी नको, जेवण पोचलं.

१६ नोव्हेंबर
ग्वेनने फोन उचलला. मी म्हटलं, गवत एकदम छान झालंय, गुलाबांचं आल्यावर बोलू. ग्वेन म्हणाली, गुलाबांचं काय? मी फोन ठेवला.

१७ नोव्हेंबर, सोमवार
दाढी करून बसथांब्यावर गेलो. बसमधून दोन शाळकरी पोरी उतरल्या आणि एक कुत्रा.
घरी आलो. करायला काही नव्हतं म्हणून नवी नळी बसवली. पहिल्याच झटक्यात सुरू झालं. काय सुरेख आवाज. ते हातात धरून अंगणभर हिंडलो. कापायला काही नाही.
नोएलीन, दांड्यांना खालून एक लाल कोंब फुटल्यासारखा दिसतोय. चष्मा लावून दोनदा पाहिला. तू येऊन बघ. नाही तर फोन तरी कर, पण लवकर कर.