करंजीचा उतार

सुपा,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

चि. मार्क यास,
लिझाआक्काचा प्रभूमध्ये सलाम.

"उताराला गाडी देव चालवतो." बाबांचं हे वाक्य तुला आठवतं का? साखरेच्या पोत्यांनी भरलेला ट्रक घाटाच्या तोंडाशी आला की ते गिअर काढून न्यूट्रल करायचे, आपल्याकडे बघून हे म्हणायचे, आणि वाचलेल्या डिझेलची भजी घाटाखाली आपल्याला खाऊ घालायचे. तू माझ्या मांडीवर असायचास. देव कुठे बसलाय म्हणून खरोखरच टपाकडे बघायचास.

शनिवारपासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पण आधी इकडची खुशाली.

यांचा गुडघा आता बरा आहे, जिना चढतात. चर्चच्या मंडळीत हंगामाच्या सणाची तयारी चालली आहे, मला भोपळे आणायला सांगितलेत. गॅरेजला काम भरपूर. मी कंपनी सोडून खाजाभाईंबरोबर हे गॅरेज काढलं तेव्हा तू म्हणाला होतास, "आक्का, नगर जिल्ह्यात ऑटोमॅटिक गाड्या किती? माश्या मारशील." आता दारात पाच गाड्या उभ्या आहेत. त्यातली एक तुझी निळी.

तिच्याबद्दल सविस्तर लिहिते, म्हणजे तुला कळेल की आम्ही काही सोडलं नाही.

तू फोनवर सांगितलंस की घाट उतरून सपाटीला आलं की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरत नाही, आणि मग मागून कोणी लाथ घातल्यासारखा झटका बसतो. आम्ही तिला पुणे रस्त्यावर फिरवली. थंड होती तोवर शहाण्यासारखी चालली. तापली, आणि तू म्हणालास तसंच झालं. स्कॅनर म्हणाला, एक गिअर घसरतोय. का घसरतोय ते स्कॅनर सांगत नाही. तेल काढलं तर काळं, करपलेल्या भाकरीसारखा वास. तेलाचा दाब मोजला, तो ठीक. तेल सोडणारे व्हॉल्व्ह ठीक. मग गिअरबॉक्स उतरवून उघडला. आत क्लच प्लेटांचा एकच संच जळून निळा-काळा झालेला, बाकीचे अगदी नव्यासारखे. एखादं सील फाटलं असेल म्हणून तेही पाहिलं. धड होतं.

मार्क, असं आपोआप होत नाही. गाडी वेगात पळत असताना न्यूट्रल केली आणि त्याच वेगात पुन्हा डी-मध्ये, म्हणजे चालत्या गिअरमध्ये, टाकली, की सगळा भार त्या प्लेटांवर येतो. एकदा झालं तर त्या सोसतात. हे पुन्हा पुन्हा झालेलं होतं.

खाजाभाई पोट धरून हसले. "ताई, एवढी घोड्यासारखी गाडी घेतली अन् तुमचा भाऊ उताराला पेट्रोल वाचवतोय! बापाचंच रक्त हाय, दुसरं काय."

मीही हसले. तुला फोनवर चांगलं झापायचं असं ठरवलं होतं.

मग शनिवारी तुझं खडी क्रशरवर काम निघालं आणि तू म्हणालास, एंजलला नगरच्या होस्टेलवरून घेऊन तिसगावला घरी सोडशील का. नवीन प्लेटा बसवल्या होत्या. गाडी चढ-उताराला चालवून बघायचीच होती, म्हणून तीच काढली. वाटेत पोरगी खूप बडबडली. होस्टेलच्या वॉर्डनबाई छबूबाई कशा घोरतात ते करून दाखवलं. मी इतकी हसले की मेहेकरी गावाजवळ गाडी बाजूला घ्यावी लागली.

करंजी घाटाच्या तोंडाशी पुढे उसाची जोड ट्रॉली होती. मी वेग कमी केला. एंजलने एकदम हात जोडले.

"आत्या, आवाज बंद कर ना."

"कसला आवाज?"

"गाडीचा. पप्पा इथं बंद करतात. तो दांडा असा ढकलतात. मग आम्ही डोळे मिटतो."

"आम्ही म्हणजे कोण, बाळा?"

"मी अन् पप्पा. प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि आमेन म्हटल्यावरच उघडायचे. तोवर देव चालवतो."

मी गाडी डी-मध्येच ठेवली. मी विचारलं, पप्पापण म्हणतात का? ती म्हणाली, "पप्पा मनात म्हणतात. मी मोठ्याने." थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "मागच्या वेळी पप्पांनी आमेन म्हटलंच नाही. ट्रकवाल्याने लई मोठा हॉर्न दिला, मग मी उघडले. पप्पांचे मिटलेलेच होते. मी हलवलं तेव्हा उठले."

हे तिने भीतीने सांगितलं नाही, मार्क. खेळात तू चिटिंग केलीस, अशी तुझी तक्रार केली.

त्या संध्याकाळी तुझ्या अंगणात तू चहा दिलास आणि विचारलंस, "गिअर कसा पडतोय?" मी म्हटलं, "चांगला, पण गॅरेजला नेऊन अजून एकदा तपासून देते." बशीतला चहा सांडला तेव्हा तू हसून म्हणालास, आक्का म्हातारी झाली. तुझा शर्ट धुतलेला होता, दाढी केलेली होती. भिंतीवर एंजलच्या आईच्या फोटोला ताजा हार होता. बघणाऱ्याला वाटावं, सावरला हा माणूस. मलाही वर्षभर तसंच वाटत आलं.

एस्तेरचं नाव मी मुद्दाम इतक्या उशिरा लिहिलं. तिच्या आजारपणात तू रोज नगरला जायचास तो याच घाटाने, आणि शेवटी तिला घेऊन उतरलास तोही हाच उतार. गाडी तू त्यानंतर घेतलीस. सगळे म्हणाले, दुःखात माणूस काहीतरी हौस करतो, करू दे. मीही तेच म्हणाले.

मी तुला काही विचारत नाही. कदाचित तुला खरंच वाटत असेल की तुम्ही दोघं प्रार्थनाच करता. पण बाबांच्या ट्रकमध्ये मीही होते, आणि मी तुझ्यापेक्षा मोठी होते. तू टपाकडे बघायचास तेव्हा मी बाबांकडे बघत असायचे. त्यांचे डोळे सताड उघडे असायचे. पाय ब्रेकवर असायचा, मानेवरून घाम गळत असायचा. देव चालवतो हे ते आपल्याला सांगत होते, आपण घाबरू नये म्हणून. स्वतःला कधीच नाही.

हे फोनवर बोलले असते तर तू हसून विषय बदलला असतास, म्हणून पत्र. खाजाभाई उद्या तिसगावला कामाला येणार आहेत, त्यांच्या हाती बंद पाकिटात देते. त्यांना यातलं काही माहीत नाही. ते अजून पेट्रोलवरच हसतात.

गाडी तयार आहे. गिअर आता लोण्यासारखा पडतो, घसरणार नाही, झटका देणार नाही. खरं सांगू? मी एवढ्या गाड्या दुरुस्त केल्या, पण दुरुस्त झाली म्हणून भीती वाटली ती ही पहिली. आता तुला थांबवणारं तिच्यात काहीच बिघडलेलं राहिलं नाही.

परवा शनिवारी तू चावी घ्यायला येशील. चावी गॅरेजच्या खिळ्यावर नाही, माझ्याजवळ आहे. मला बरोबर घे. होस्टेलवरून एंजलला घेऊ, घाटाच्या तोंडाशी गाडी थांबवू आणि जागा बदलू. मी चालवते. तू शेजारी बस आणि घाटाखालची करंजी येईपर्यंत डोळे उघडे ठेव, एवढंच. पुढच्या शनिवारी पुन्हा, त्याच्या पुढच्याही. एंजलला मी सांगेन की खेळाचा नियम बदलला.

तू नाही म्हणशील. "वेडी का काय तू, आक्का," म्हणून हसशील आणि चावीसाठी हात पुढे करशील. तो हात मला आत्ताच दिसतो आहे. तरी मागते. घाट मला उतरू दे.

चावी मुठीत धरून बसलेली,
तुझी
लिझाआक्का