बाबाच्या तलावाचं पिक्चर

बल्लारपूर
दि. ६ एप्रिल २००३

सौ. ज्योत्स्नाबाईस,
धाकटा भाऊ निकेशचा सा. न. वि. वि.

तू लेकरं घेऊन गडचांदूरवरून चिचखेड्याले पोचली, बरं झालं. माय तेंदूपत्ता तोडाले जाऊ लागली की बाबाच्या डोळ्यात थेंब टाकाले घरी कोणी पाहिजेच.

नागपूरच्या डॉक्टरनं काय सांगितलं ते तुले तोंडानं सांगाची हिंमत झाली नाई, म्हणून लिवतो. काचबिंदू हाये. गेलेली नजर परत येत नाई. उरलेली पावसाळा लागेपर्यंत टिकली तर नशीब. बाबानं ऐकलं, मग बाहेर बाकावर बसून हसले. म्हणले, चाळीस वर्षं तलावात उतरलो, त्याचा तळ पायानं ओळखतो, पण डोळ्यानं एकदाही पायला नाई, आता काय पायतो! ते हसणं माह्या डोक्यातून जात नाई.

तर ऐक. आमच्या क्लासचे मालक बिरजूभाऊ जुना कॉम्प्युटर भंगारात काढून राह्यले होते, तो मी उचलून खोलीवर आणला. त्यावर मी तलावाच्या आतलं पिक्चर बनवतो, एक मिनिटाचं. वरून जाळं पडते, कमळाच्या देठांतून खाली जाते, रोहू सरकतात, गाळात वाम दडते आणि शेवटी मरळ तिची पिल्लं घेऊन येते. बाबा आपल्याले लहानपणी सांगत तसंच, त्याच क्रमानं. एका मिनिटाले सातशे वीस चित्रं लागतात. हे म्हातारं मशीन एका चित्राले एक तास घेते. त्यात लोडशेडिंग, दिवसाले दहा-बारा तास वाया. हिशेब केला तर जून उजाडतो. तोवर बाबाचे डोळे थांबते का?

म्हणून मी त्याचा प्रोसेसर, म्हणजे मशीनचं डोकं, कंपनीनं सांगितल्यापेक्षा जोरात पळवणार हाये. आत नखाएवढ्या टोप्या असतात, त्या एका खुंटीवरून दुसरीवर सरकवल्या की त्याचा वेग वाढतो. तीनशेवर चालणारं साडेचारशेवर नेता येते म्हणतात. याले ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. बिरजूभाऊ म्हणते म्हातारा बैल तुतारी टोचली म्हणून पळत नाई, बसते. पाहू.

मायले नमस्कार, लेकरांले पापा. भावावर लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुहा,
निकेश


चिचखेडा, ता. ब्रह्मपुरी
दि. १४ एप्रिल २००३

चि. निकेश यास अ. आ.

पत्र आज मिळालं. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून तू पंधरा दिवस फिरला? लाज नाई वाटत? मी काही परकी झाली काय गडचांदूरले देऊन? रडून घेतलं आणि मग लिवाले बसली.

पिक्चरचं बाबाले सांगितलं. आधी खूप हसले. म्हणले, ज्या मशीनचे पाय कधी ओले झाले नाई त्याले तलाव काय समजणार. पण रात्री जेवताना आपणच तीन चुका काढल्या, त्या लिव्ह म्हणले. एक, मरळीची पिल्लं काळी करू नको, बारकी असताना ती लालभडक असते. दोन, वाम पूर्ण दाखवू नको, ती कधी पूर्ण दिसत नाई. तीन, जाळं सरळ खाली जात नाई, भाताची पेज निवळल्यासारखं हळूहळू बसते. एवढं बोलून दोन भाकरी जास्त खाल्ल्या. म्हणजे बाबाले हवं हाये रे, बोलून दाखवत नाई फक्त.

थेंब डोळ्यात जळतात म्हणते. सकाळी ओट्यावर बसले की धुकं पडलं म्हणते. मोहफुलं वेचाले लोकं पालापाचोळा जाळून राह्यले, त्याचा धूर असेल. तू लवकर कर.

आणि जेवत जा. मशीनले खाऊ घालता घालता सोता उपाशी राहू नको. माया पातळ करू नको.
तुही बाई,
ज्योत्स्ना


बल्लारपूर
दि. २७ एप्रिल २००३

सौ. ज्योत्स्नाबाईस,
कृ. सा. न. वि. वि.

पिल्लं लाल केली. वामीची फक्त शेपटी ठेवली. जाळ्याले मात्र चार दिवस लागले, बाबाले सांग की पेज निवळली.

पावणेचारशेवर मशीन गपगुमान चाललं. साडेचारशेवर नेलं आणि एका चित्राले चाळीस मिनिटं लागू लागली. मी खोलीत एकटाच नाचलो. पण बाई, इथली गरमी तुले माहीत हाये, पत्र्याचं छप्पर, दुपारी भिंतीले हात लागत नाई. मशीनचं झाकण काढून कूलरसमोर ठेवलं तर पाण्याचे तुषार आत उडाले, जीवच गेला माहा. गमछ्यानं पुसून, उन्हात वाळवून पुन्हा लावलं. आता कूलर दारात आणि मशीन कोपऱ्यात. आतल्या धातूच्या तुकड्याले बोट लागलं तर फोड आला.

आठवड्यात अकरा वेळा अडकलं. अडकलं म्हणजे सगळा पडदा निळा होते, वर पांढरी इंग्रजी अक्षरं येते, आणि चालू असलेलं चित्र वाया. मी क्लासमध्ये पोरांले शिकवतो तेव्हा हे इथी निळं होऊन बसलं असेल या विचारानं माहं लक्ष लागत नाई. गोविंदाभाऊजीनं सिमेंट फॅक्टरीतल्या वर्कशॉपमधून एक मोठा पंखा पाठवला, तो बसवला. घर्र घर्र करते, घरमालकीण शिव्या देते. पण तीनशे दहा चित्रं झाली.

बाबाले किती दिसते, नीट लिव्ह. लपवू नको. तुह्या मायेचा भुकेला,
निकेश


चिचखेडा
दि. ९ मे २००३

चि. निकेश यास अ. आ.

माय पहाटे तेंदूपत्त्याले जाते, उन्हं चढल्यावर येते. मागे घर मीच पायते. लपवू नको म्हणतो, तर ऐक. बाबा जाळं विणते तेव्हा काही कळत नाई, गाठीवर गाठ बरोबर बसते, खाली पायतसुद्धा नाई. बाबासंगं मासे धरणाऱ्या लटारूकाकाले मी कौतुकानं म्हटलं, पाहा, एवढा आजार पण हात चुकत नाई. पण परवा चहा कपाच्या बाजूले ओतला. काल आपल्या सुगंधाबाई शेजारीण आल्या तर त्या बोलेपर्यंत मान वळवली नाई. मी विचारलं तर माह्यावरच भडकले, म्हणले मी काय आंधळा झालो काय. मायले विचारलं तर ती पानांचे पुडे बांधत राह्यली.

निकेश, मले भीती वाटते. मी तुह्याजवळ कधी काही मागितलं नाई. आता मागते. ते मशीन अजून वाढव. जळलं तर जळू दे. मी काही कॉम्प्युटर शिकली नाई, मले एवढंच समजते की बाबा रोज विचारते, किती झाली, आणि मी रोज आकडा सांगते. काल पाचशे सांगितले. खोटं होतं. तेवढं खरं कर.

तुह्यावाचून कोणाले सांगू? आपलं नातं असंच घट्ट ठेव.
ज्योत्स्ना


बल्लारपूर
दि. २४ मे २००३

सौ. ज्योत्स्नाबाईस,
सा. न. वि. वि.

तुहं पत्र मिळालं त्याच दिवशी पाचशे चारवर नेलं. वीज वाढवून दिली, नाही तर सुरूच होत नव्हतं. याच्यापुढे टोपी सरकत नाई, हीच त्याची हद्द. दिवसा बंद ठेवलं, संध्याकाळी सातपासून सकाळपर्यंत चालवलं. दर तासाले उठून पायचो. कधी कधी त्याच्या पाया पडलो, हसू नको. काल पहाटे सातशे विसावं चित्र झालं आणि पिक्चर जोडलं. मी दहादा पायलं. बाई, छान झालं.

आता माही मजबुरी. क्लासची परीक्षा २९ ते ३१ हाये, बिरजूभाऊ सोडत नाई, आणि तुह्या पत्रावरून थांबाची हिंमत नाई. गोविंदाभाऊजी तुम्हाले न्यायले सिमेंटच्या ट्रकनं ब्रह्मपुरीले येतच हाये, त्यांच्याजवळ मशीन देतो. दोन गोधड्यांत बांधलं हाये. अंधार पडल्यावर, गारवा झाला की लावा. झाकण उघडंच ठेवा, पंखा आधी सुरू करा.

एक गोष्ट कबूल करतो. वेग परत तीनशेवर आणून पाठवाले पाहिजे होतं. आणून पायलं, तर पिक्चर अडखळत चालते, जाळं धक्के खाते. बाबाले आयुष्यात एकदाच पायाचं, ते धक्के खात काऊन पायाचं? म्हणून पाचशे चारवरच ठेवलं. एक मिनिट तर काढेल.

मी तिथी नसणार. बाबाचं तोंड कसं झालं ते तूच पाहून लिव्ह. एवढी कृपा कर.
तुहा,
निकेश


चिचखेडा
दि. ३१ मे २००३

चि. निकेश यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा संध्याकाळी लावलं. आधी सगळं सांगते, मग तुले जसं वाटेल तसं वाटू दे.

ओट्यावर मशीन मांडलं. बाबानं धुतलेला सदरा घातला, डोक्यावर टोपी. लटारूकाका, सुगंधाबाई, आजूबाजूची लेकरं, सगळे आले. बाबाले मी हातभर अंतरावर बसवलं. ह्यांनी पंखा लावला, मी तू लिवलं तसं बटन दाबलं. निकेश, किती सुंदर केलं रे! जाळं हळूहळू उतरू लागलं. देठं हलत होती. लेकरं पुढे सरकली. बाबा म्हणले, उतरलं, बरोबर उतरलं. मग रोहू आले आणि बाबा म्हणले रोहू.

तेवढ्यात सगळा पडदा निळा झाला. वर पांढरी अक्षरं. तू लिवलं होतं तसंच. पंखा मात्र घर्र घर्र करतच होता. मी रडकुंडीले आली, हात पुढे केला की काय दाबू, काय करू. आणि बाबा त्या निळ्या पडद्याकडे तोंड करून म्हणले की आता वाम आली, पाहा, शेपटीच ठेवली पोरानं, माहं ऐकलं. मग म्हणले, मरळ आली, पिल्लं कशी लाल लाल दिसते.

माहा हात तसाच राह्यला. तुहा भाचा बोलाले गेला तर ह्यांनी त्याचं तोंड दाबलं. मग सुगंधाबाई म्हणल्या, हो भाऊ, लालच हाये. लटारूकाका म्हणले, एवढी पिल्लं तर मी जन्मात पायली नाई. सगळे जण त्या निळ्या पडद्यातले मासे सांगू लागले आणि बाबा हसत होते. माय भिंतीले टेकून उभी होती, पदर तोंडात धरून. रात्री तिनं सांगितलं, महिना झाला, बाबाले काहीच दिसत नाई. पोरगा तिकडं मरमर करते, त्याले कळू देऊ नको म्हणून बाबानं तिले शपथ घातली होती. एवढे दिवस एका घरात राहून मी थेंब टाकत राह्यली आणि मले समजलं नाई. मीच तुले वाढव वाढव म्हणून लिवलं. माह्यावर राग कर, चालेल.

मशीन नंतर सुरू झालं नाई. ह्यांनी पुन्हा पुन्हा पायलं. जळका वास येते. त्याचं दुःख करू नको.

बाबा आत्ता माह्या बाजूलेच बसले हाये, मी काय लिवून राह्यली ते विचारते. मी सांगतो तेवढं जसंच्या तसं लिव्ह म्हणते, म्हणून लिवते. निकेशले सांग, पिक्चर मी शेवटपर्यंत पायलं. तळ अगदी तसाच हाये. आता डोळ्याचं काही वाटत नाई, त्यानं सोताची तब्येत सांभाळावी.

पाकीट बंद कराच्या आधी पूर्ण पत्र वाचून दाखव म्हणते. मी फक्त त्यांनी सांगितलं तेवढंच वाचून दाखवीन.

परीक्षा संपली की निघून ये. माया आहे तशीच हाये.
तुही बाई,
ज्योत्स्ना