सुकटीतली लेन्स

३ फेब्रुवारी
रोज दोन डोळ्यांतलं प्लॅस्टिक कचऱ्यात टाकणाऱ्या मुलीने लोकांना किनारा स्वच्छ ठेवायला शिकवावं का? पण दहा तारखेला अलिबागला किनारा-स्वच्छतेच्या संस्थेत मुलाखत आहे, आणि जाड चष्म्यातून माझी तळमळ पोचत नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बाबांनी रेवदंडा बंदरावर सांगूनही टाकलंय, सोनलला नोकरी लागली.
डिस्पोजेबल लेन्स आणल्या. फायदे: धुवायची कटकट नाही, नाकावर ओझं नाही, चेहरा दिसतो. तोटा: वर लिहिलाय.

४ फेब्रुवारी
माघार नको म्हणून चष्मा शेजारच्या काशीमावशीला देऊन टाकला. मासळी विकताना तिला नीट दिसत नाही. समाजसेवा सुरू.

६ फेब्रुवारी
लेन्स घालणं सोपं आहे. तीन फाटल्या, एक मोरीतून गेली. आई म्हणाली, एकदा वापरून टाकायची तर ती लेन्स न्हाय, पत्रावळ हाय. आईला विज्ञान समजावणं हेही माझं काम.

९ फेब्रुवारी, दुपार
शेवटची जोडी. घालून आरशासमोर भाषण केलं. उत्तम झालं. लेन्स दिवसभराची असते, मी तासभरच वापरली. उरलेला दिवस माझ्या हक्काचा. शिवाय कचरा वाचला. वाटीत पाणी घालून ठेवल्या. आईला बजावलं, उद्यापर्यंत टिकवायच्यात.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
वाटी रिकामी. आई म्हणते, टिकवायचं म्हणालीस ना, मग पान्यात काय टिकतं? मीठ लावून सुपात सुकटीशेजारी वाळत टाकलंय.
चष्मा नाही. सूप मांडीवर घेऊन चाचपत बसले. दोन सापडल्या. त्यातली एक कोळंबीचं कवच निघालं.

१० फेब्रुवारी, सकाळ
लेन्स भिजवली. मऊ झाली. घातली. डोळ्यातून पाणी थांबेना. चष्मा परत मागायला पळत काशीमावशीकडे गेले. तीच माझी वाट बघत होती. म्हणाली, घे बाय तुझा चष्मा, यातून पापलेट बी बोटभर मांदेलीएवढा दिसतो, आठवडाभर मी त्याच भावाने विकतेय.

१० फेब्रुवारी, रात्र
एक डोळा लाल, चष्म्याला बोंबलाचा वास. मी प्लॅस्टिकविरुद्ध मनापासून बोलले. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि खिडकी उघडली. मग विचारलं, डोळ्याला काय झालं? खरं सांगितलं. त्या बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. मला वाटतं, भारावल्या.

१४ फेब्रुवारी
फोन आला. जागा दुसऱ्या मुलीला दिली. बाबांना सांगायला बंदरावर गेले, तर ते कुणाला तरी सांगत होते, आमची सोनल आता ऑफिसर. तशीच मागे फिरले.

१६ फेब्रुवारी
बाबांना खोटं पडू दिलं नाही. कालपासून चष्मा लावून काशीमावशीच्या टोपलीमागे बसते. मासा केवढा आहे ते मी सांगते, भाव ती सांगते. पगार रोज एक पापलेट. काल मोठा मिळाला. निवडला मीच.